ऑडिओ सीडी कॉम्प्युटरवर बिनचूक उतरवताना

नागपुरातल्या बऱ्याच घरांत टीव्हीखालच्या कप्प्यात अजून सीड्यांची चळत असते. प्लेअर कधीच बंद पडलेला, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, आणि 'गाणी आता मोबाइलवर मिळतातच की' म्हणून कोणी त्या चळतीकडे फिरकत नाही. मोठ्या कंपन्यांची गाणी मिळतात, हे खरं. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून घेतलेली भीमगीतांची सीडी, एखाद्या भजनी मंडळाने हौसेने काढलेलं ध्वनिमुद्रण, ओळखीच्या गवयाने घरगुती बैठकीनंतर हातात ठेवलेली कोरी दिसणारी तबकडी, हे शोधायला गेलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. हा लेख मुख्यतः अशा सीड्यांसाठी आहे.

त्याला एक कारण आहे. या विषयावरची बहुतेक मार्गदर्शनं शेवटी एकाच सल्ल्यावर येतात: इतरांनी काढलेल्या प्रतींच्या ऑनलाइन डेटाबेसशी पडताळा करा, जुळलं की निश्चिंत व्हा. मराठी सीडीला, त्यातून विदर्भातल्या छोट्या कंपनीच्या सीडीला, तो आधार क्वचितच मिळतो. तिथे पडताळणी आपली आपणच करावी लागते. ती कशी करायची, यावर इथे जास्त भर दिला आहे.

आधी सीडी कुठल्या जातीची ते बघा

सीडी ड्राइव्हमध्ये घालून उघडा. आत शंभर-दीडशे एमपी-थ्री फाइली दिसल्या तर ती डेटा सीडी आहे. फाइली उचलून हार्ड डिस्कवर टाका, काम संपलं. व्हीसीडी असेल तर आतल्या फोल्डरमध्ये मोठ्या डॅट फाइली असतात, त्याही कॉपी होतात. तिसरा प्रकार आपल्या कामाचा: 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा नावांच्या सीडीए फाइली, प्रत्येकीचा आकार जेमतेम ४४ बाइट. या फाइली पेनड्राइव्हवर टाकून गाडीत लावणारे आणि मग 'वाजतच नाही' म्हणणारे कमी नाहीत. त्यात गाणं नसतंच. गाणं तबकडीवर कुठून कुठपर्यंत आहे एवढीच नोंद विंडोज त्या रूपात दाखवतं.

मुळात ऑडिओ सीडीवर फाइली नसतात. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या 'रेड बुक' मानकानुसार तिच्यावर आवाजाचा एक सलग प्रवाह असतो. डाव्या-उजव्या अशा दोन चॅनलचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. हा प्रवाह सेकंदाला ७५ सेक्टर या हिशेबाने वाटलेला असतो आणि प्रत्येक सेक्टरात २,३५२ बाइट आवाज असतो. डेटा सीडीचा सेक्टरही एवढाच असतो, पण त्यात खरा मजकूर २,०४८ बाइटच. उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता आणि चूक ओळखून दुरुस्त करण्याची जादा माहिती असते.

ऑडिओ सीडीकडे हा जादा थर नाही. पहिल्या थराची दुरुस्ती तिलाही आहे, आणि ती चांगली तगडी आहे: वाचनाच्या गोल मार्गाच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा खराब पट्टा ती पूर्ण भरून काढते. त्यापलीकडे गेलं की ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो, मधली जागा बुजवतो आणि अवाक्षरही न काढता पुढे जातो. घरात गाणं ऐकताना हे उत्तमच. कायमची प्रत काढताना मात्र हाच घोळ आहे. डेटा सीडी खराब असेल तर कॉम्प्युटर 'वाचता येत नाही' म्हणून थांबतो, ऑडिओ सीडी खराब असली तरी फाइल तयार होते आणि ठीकठाक दिसते. म्हणून नुसतं उतरवून भागत नाही, ड्राइव्हने कुठे अंदाज लावला हे त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं.

कुठल्या सीड्या आधी घ्यायच्या

क्रम महत्त्वाचा आहे, कारण उत्साह पहिल्या वीस-पंचवीस सीड्यांपर्यंत टिकतो. सर्वांत आधी घरी किंवा दुकानात 'राइट' केलेल्या सीडी-आर. कारखान्यात छापलेल्या सीडीत खड्डे प्लास्टिकमध्ये दाबून उमटवलेले असतात, सीडी-आरमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि तो थर उन्हाने, उष्णतेने, काळाने उतरतो. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. नवतप्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली सीडी-आर पुढच्या वर्षी वाचता येईल याची खात्री देता येत नाही. त्यानंतर स्थानिक आणि छोट्या कंपन्यांच्या सीड्या, मग बंद पडलेल्या कंपन्यांच्या. चित्रपटगीतांचे लोकप्रिय संच सगळ्यात शेवटी.

कायद्याचं दोन ओळींत: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त वापराला मुभा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती ध्वनिमुद्रणांनाही लागू होते. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत या चौकटीत बसते. तीच प्रत कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं बसत नाही.

ड्राइव्ह

यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी राइटर हजार-दोन हजारांत मिळतो आणि बहुतेकांना तेवढा पुरतो. तो थेट लॅपटॉपला जोडा, हबमधून नको. वीज कमी पडली की हे ड्राइव्ह मध्येच फिरायचे थांबतात आणि दोष सीडीला दिला जातो. जुन्या डेस्कटॉपमधला मोठा ड्राइव्ह बऱ्याचदा जास्त चिवट असतो. सीताबर्डी-धंतोलीकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारून बघा. 'आता सीडी कोण वाजवते, भाऊ?' असं म्हणत कोणीतरी जुना सॅटा (कॉम्प्युटरच्या आत बसणारा) राइटर खोक्यातून काढून देईलच. फक्त त्याला पाच व्होल्टबरोबर बारा व्होल्टही लागतात, तेव्हा स्वतःचा अॅडॉप्टर असलेलीच सॅटा-यूएसबी जोडणी घ्या.

शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह जमवा. एक स्वतःचा, एक मित्राकडून उसना, एवढं पुरे. दुसरा कशाला हवा ते पुढे येईल.

पुसणं

सीडी मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसायची, गोल गोल कधीच नाही. वाचनाचा मार्ग गोल फिरत जातो. आडवा ओरखडा तो क्षणात ओलांडतो, पण मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा लांबच लांब वाचावा लागतो, आणि वर सांगितलेली अडीच मिलिमीटरची मर्यादा लगेच संपते. धूळ आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने उडवा. बोटांचे डाग असतील तर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एखादा थेंब, मऊ सुती कापड, मग साध्या पाण्याने धुणं आणि सावलीत वाळवणं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, तेव्हा शेवटचा हात पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा असू द्या, नाहीतर पांढरे ठिपके राहतात. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांना हात लावू नका, सीडीचं प्लास्टिक पांढुरकं पडून कायमचं बिघडतं.

लोक खालच्या चकचकीत बाजूला जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. खरं तर खाली १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिकचं कवच आहे. माहितीचा थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथे बॉलपेनने नाव लिहिलं की दाब थेट त्या थरावर जातो. सीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढी भोकं चमकली तर त्या जागचा चमकत्या धातूचा थर गेला आहे, आणि तो कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. एखाद-दुसरं बारीक भोक दुरुस्तीत निभावून जातं.

कागदी स्टिकर लावलेल्या सीडी-आरचं स्टिकर ओढून काढू नका, थर बरोबर निघतो. स्टिकरमुळे ती वेगात डगमगते, म्हणून हळू वेगाने वाचा.

सॉफ्टवेअर आणि त्याची मांडणी

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, फुकट आहे आणि अजूनही मी तेच सुचवीन. दिसायला जुनाट, पण काम चोख. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. विंडोज मीडिया प्लेअरनेही फाइल निघते, पण ती कशी निघाली याचा लेखी अहवाल मिळत नाही, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे. पुढचं वर्णन ईएसीचं आहे, बाकीच्या दोन्हींत तत्त्व तेच.

पहिल्यांदा उघडल्यावर ईएसी ड्राइव्हची परीक्षा घेतं. त्या वेळी स्वच्छ, कारखान्यात छापलेली सीडी आत ठेवा. वेग की अचूकता असा प्रश्न आला की अचूकता निवडा. मग ड्राइव्ह ऑप्शन्समध्ये जाऊन चार गोष्टी डोळ्यांनी तपासा.

वाचनाची पद्धत 'सिक्युअर' हवी. यात प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर सोळा-सोळाच्या फेऱ्यांत पुन्हा वाचन होतं आणि सोळापैकी आठ वाचनं एकसारखी आली तर तो निकाल धरला जातो. अगदी वाईट जागी एकच सेक्टर ८२ वेळांपर्यंत वाचला जातो. खराब सीडीवर तासन्‌तास का लागतात ते यावरून कळेल.

'ड्राइव्ह कॅशेस ऑडिओ डेटा' ही खूण परीक्षेत लागली असेल तर राहू द्या. ड्राइव्हच्या स्मृतीत मघाचं वाचन शिल्लक असतं आणि पुन्हा विचारलं की तो तबकडीकडे न बघता तेच उत्तर देतो. खूण असली की ईएसी आधी ती स्मृती रिकामी करायला लावतं. शंका असेल तर खूण ठेवाच. काम हळू होईल, पण दुसरं वाचन खरंखुरं असेल. 'सी-टू' ची खूण मात्र काढलेली बरी. कुठे चूक झाली ते ड्राइव्हने स्वतःच सांगायचं, असा तो प्रकार आहे, आणि सगळे ड्राइव्ह तितके प्रामाणिक नसतात.

चौथी गोष्ट 'रीड ऑफसेट'. ऑडिओ सेक्टरवर डेटा सीडीसारखा पक्का पत्ता नसल्याने प्रत्येक मॉडेल ठरावीक नमुने आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतं. कुणाचा फरक +६, कुणाचा +३०, कुणाचा +६६७. अगदी ६६७ नमुने धरले तरी ते सेकंदाचे पंधरा सहस्रांश, कानाला काहीच कळत नाही. पण दोन ड्राइव्हवर काढलेल्या प्रतींची तुलना करायची तर दोघांचाही ऑफसेट बरोबर भरलेला हवा, नाहीतर सारखं गाणं असून आकडे कधीच जुळणार नाहीत. अॅक्युरेटरिप नावाचा डेटाबेस हे आपोआप ठरवतो, पण त्यासाठी त्याच्या ओळखीची सीडी ड्राइव्हमध्ये असावी लागते. मराठी सीडीने हे सहसा साधत नाही. गाजलेल्या इंग्रजी अल्बमची किंवा खूप खपलेल्या हिंदी चित्रपटाची मूळ सीडी कोणाकडून तरी आणा, एकदाच लागते. नाहीच मिळाली तर अॅक्युरेटरिपच्या संकेतस्थळावर ड्राइव्हच्या मॉडेलांची यादी आहे, त्यातला आकडा हाताने भरा.

ईएसीच्या सामान्य ऑप्शन्समध्ये 'नॉर्मलाइझ' बंद ठेवा, तो आवाजाची पातळी बदलतो. ट्रॅकच्या सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापण्याचा पर्यायही बंद. तंबोऱ्याचा सूर हळूहळू वर येत असतो ती जागा 'शांतता' समजून कापली जाऊ शकते. 'फिल अप मिसिंग ऑफसेट सॅम्पल्स विथ सायलेन्स' चालू असू द्या.

प्रत्यक्ष उतरवणं

सीडी घाला, आधी गाण्यांची नावं भरा, मग एफ-फोर दाबून गाण्यांमधल्या जागा शोधू द्या. अॅक्शन मेनूत 'अपेंड गॅप्स टू प्रीव्हियस ट्रॅक' हा मुळातला पर्याय तसाच ठेवा. त्यामुळे मधली जागा आधीच्या गाण्याला चिकटते आणि सलग ऐकताना काही तुटत नाही. मैफिलीच्या सीडीत याला फार महत्त्व आहे. आलापीतून बंदिशीत जाताना कंपनीने नुसती ट्रॅकची रेघ मारलेली असते, गाणं थांबलेलं नसतं.

आता 'टेस्ट अँड कॉपी' निवडा. साधं 'कॉपी' नको. यात प्रत्येक ट्रॅक एकदा नुसता वाचून त्याचा सीआरसी काढला जातो, मग दुसऱ्यांदा वाचून फाइल बनते आणि तिचा सीआरसी काढला जातो. सीआरसी म्हणजे सगळ्या नमुन्यांवरून काढलेला आठ अक्षरांचा आकडा. एक नमुना जरी बदलला तरी तो वेगळा येतो. स्वच्छ सीडीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर लॅपटॉप हलवू नका, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. उन्हाळ्यात दुपारी लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

अहवाल वाचणं

काम संपल्यावर अहवाल फाइलींशेजारीच जतन करा. वाचायचा कसा? आधी प्रत्येक ट्रॅकखाली टेस्ट सीआरसी आणि कॉपी सीआरसी सारखे आहेत का ते बघा. मग 'सस्पिशस पोझिशन', 'टायमिंग प्रॉब्लेम', 'रीड एरर' यांपैकी काही आहे का ते शोधा. 'ट्रॅक क्वालिटी ९९.८ टक्के' पाहून घाबरू नका. ९९.८ टक्के गाणं बरोबर आणि बाकी चूक असा त्याचा अर्थ नाही. काही जागा पुन्हा वाचाव्या लागल्या, इतकंच. सीआरसी जुळले आणि संशयित जागा नाही, तर त्या ट्रॅकला पास करा.

अॅक्युरेटरिपच्या ओळीत 'कॉन्फिडन्स' म्हणून आकडा येतो. आपल्यासारखाच निकाल आणखी किती जणांना मिळाला, त्याची ती संख्या. दहा-वीस असेल तर विषय संपला, जगात वेगवेगळ्या ड्राइव्हवर एकच चूक इतक्यांची होत नाही. एक किंवा दोन असेल तर जरा थांबा. तुम्हीच मागे कधी पाठवलेला निकाल तुम्हालाच परत दाखवला जात असू शकतो. आणि 'जुळत नाही' असं आलं म्हणजे सीडी खराब असंही नाही. तोच अल्बम पुन्हा छापला गेला की आवाज काही नमुने मागेपुढे सरकतो. क्यूटूल्स हे सॉफ्टवेअर अशा वेगळ्या छपाया ओळखतं, तिथे एकदा तपासून बघा.

मराठी सीड्यांच्या बाबतीत मात्र बहुधा 'डिस्क डेटाबेसमध्ये नाही' हीच ओळ येईल. मग हातात राहतात दोन सीआरसी. ते जुळले तरी त्यात एक फट आहे. ओरखड्याच्या जागी तोच ड्राइव्ह दोन्ही वेळा सारखाच अंदाज बांधू शकतो. एकाच साक्षीदाराची जबानी दोनदा घेतली म्हणून ती खरी ठरत नाही. दुसऱ्या ड्राइव्हची गरज इथे लागते. तीच सीडी, ऑफसेट बरोबर भरून, गाण्यांमधल्या जागांचा पर्याय तोच ठेवून, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर नुसती 'टेस्ट' करा. तिथलेही सीआरसी तेच आले तर एवढ्यावर मी निर्धास्त असतो. अंदाज बांधण्याची प्रत्येक ड्राइव्हची तऱ्हा वेगळी, दोघे एकाच चुकीवर येणं फार अवघड.

एक अपवाद माहीत असू द्या. शेवटचा ट्रॅक, कधी पहिलाही, दोन ड्राइव्हवर जुळत नाही आणि बाकी सगळे जुळतात. ऑफसेटमुळे काही नमुने सीडीच्या अगदी टोकापलीकडे वाचावे लागतात, बऱ्याच ड्राइव्हना ते जमत नाही, आणि तेवढी जागा शांततेने भरली जाते. तिथे बहुतेक वेळा शांतताच असते, तेव्हा या फरकापायी रात्र जागवू नका.

सगळ्याच सीड्यांना दोन ड्राइव्ह लावायचे का? मी तसं करत नाही. दिसायला निर्मळ, अहवाल स्वच्छ, अशी सीडी एकाच ड्राइव्हवर सोडून देतो. दुसरा ड्राइव्ह ओरखड्यांच्या सीड्यांसाठी, सीडी-आरसाठी आणि जिची दुसरी प्रत कुठेच मिळणार नाही तिच्यासाठी.

हट्टी सीड्या

सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि बोटं कडेला लागतात, म्हणून शेवटची गाणी आधी बिघडतात. पुन्हा पुसा. वेग कमी करा, पण सर्वांत कमी वेग सर्वांत चांगला असं दरवेळी नसतं, मधला वेगही आजमावा. दुसरा ड्राइव्ह लावा. एखादा ड्राइव्ह जिथे तासभर अडून बसतो तिथे दुसरा सहज निघून जातो, याचं कारण शोधण्यात अर्थ नाही.

तरीही अडत असेल तर अडलेला ट्रॅक 'बर्स्ट' पद्धतीने, म्हणजे मध्ये फेरवाचन न करता एका दमात, चार-सहा वेळा काढा आणि सीआरसी ताडून बघा, दोन ड्राइव्हवर एकच आकडा आला तर तो धरा. क्यूटूल्सच्या डेटाबेसमध्ये ती सीडी असेल तर आणखी एक सोय आहे. तिथे दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते आणि थोडं नुकसान खरोखर मूळ आकड्यांनी भरून निघतं. छोट्या कंपन्यांच्या सीड्या तिथे सापडण्याची आशा फार धरू नका.

टूथपेस्टचा उपाय सगळ्यांनी ऐकलेला असतो. खालच्या बाजूचे उथळ ओरखडे त्याने खरंच बुजतात, कारण ती बारीक घासणी आहे. पण तीच घासणी नवे ओरखडेही पाडते, म्हणून सगळं करून हरल्यावरच, पांढरी साधी पेस्ट, जेल नको, आणि तीही आतून बाहेर. छापील बाजूला हा प्रयोग मुळीच करू नका.

संशयित जागेची वेळ अहवालात असते. तिथे हेडफोन लावून ऐका. काही ऐकू आलं नाही तर फाइल ठेवा, अहवालही ठेवा, पुढच्या सीडीकडे वळा.

कुठल्या स्वरूपात ठेवायचं

फ्लॅक. यात वाद घालण्यासारखं आता फार उरलेलं नाही. आवाजाचा एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्म्याच्या आसपास येते. तासाभराच्या सीडीला अडीचशे ते चारशे एमबी धरा, म्हणजे दोनशे सीड्या ऐंशी जीबीच्या आत. दाबण्याची पातळी शून्य ते आठ असते, आवाज प्रत्येकीत तोच, फक्त फाइलचा आकार आणि लागणारा वेळ बदलतो. पाच ठेवा आणि विसरून जा. फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाचा एमडी-फाइव्ह हा सीआरसीसारखा तपासणीचा आकडा असतो, त्यामुळे दहा वर्षांनीही फाइल शाबूत आहे का ते तपासता येतं. मोबाइलसाठी किंवा गाडीसाठी एमपी-थ्री हवी तर फ्लॅकवरून केव्हाही बनवा. उलटं होत नाही.

यावरून स्टॉलवरच्या सीड्यांची एक गंमत. काही सीड्या एमपी-थ्रीवरूनच राइट करून विकलेल्या असतात. अशी सीडी तुम्ही कितीही बिनचूक उतरवा, आवाज आधीच उणा झालेला आहे. स्पेक नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की आवाजाचा पट दिसतो. १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास तो आडव्या रेषेत कापल्यासारखा दिसला तर संशय घ्या. जुन्या टेपवरून किंवा ग्रामोफोनच्या तबकडीवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात वरचे सूर मुळातच विरळ होत जातात, ते असं सरळ कापलेलं दिसत नाही. आणि सीडी अशी निघाली तरी फेकू नका, त्या गाण्याची तीच एक प्रत असू शकते.

नावं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. ऑनलाइन नावं सापडलीच तर इंग्रजी लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगात, आणि गायकाच्या जागी चित्रपटाचं नाव अशी असतात. स्वतः टाइप करणं बरं. म्युझिकब्रेन्झ या सीड्यांच्या माहितीच्या खुल्या संकेतस्थळावर नोंद नसेल तर तीही करून टाका, पुढच्या माणसाची तासभराची मेहनत वाचते.

मी फाइलची नावं रोमन लिपीत आणि आतले टॅग, म्हणजे फाइलमध्येच साठवलेली गाण्याची माहिती, देवनागरीत ठेवतो, कारण गाडीतले जुने स्टीरिओ देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात. गायक, संगीतकार आणि गीतकार वेगवेगळ्या रकान्यांत भरा. आपल्याकडे लोक 'कोणी गायलं' इतकंच 'कोणाचं संगीत' यावरून शोधतात. शास्त्रीय गायनाच्या सीडीला राग, ताल आणि साथसंगत असे रकाने स्वतः जोडा, फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचा रकाना चालतो. नावापुढचं 'पं.' किंवा 'उस्ताद' गायकाच्या रकान्यात नको, नाहीतर निम्मा संग्रह 'प' अक्षराखाली जमा होतो.

देवनागरीचा एक खास त्रास: 'वाऱ्यावर' मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे शब्द असतात, आणि शोधलं तर अर्धी गाणी सापडत नाहीत. शेवटापर्यंत एकच कीबोर्ड वापरा. आधीच घोळ झाला असेल तर एमपी-थ्री-टॅग या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली निवडून एका झटक्यात बदलता येतं.

कव्हरच्या आतली घडीही स्कॅन करा, ३०० डीपीआय पुरे, बारीक अक्षरं असतील तर ६००. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, ध्वनिमुद्रण कुठल्या कार्यक्रमातलं, ही माहिती बऱ्याचदा जगात फक्त त्या कागदावर असते. वर्ष बघताना वर्तुळातल्या 'पी' पुढचं घ्या, ते ध्वनिमुद्रणाचं असतं, वर्तुळातला 'सी' छापील मजकुराचा. जुन्या गाण्यांच्या संचात पुन्हा काढल्याचं वर्ष घातलेलं असू शकतं, तेव्हा मूळ वर्ष पक्कं माहीत असेल तरच वेगळं नोंदवा.

साठवण

दोन हार्ड डिस्क, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. भावाकडे, मुलीच्या सासरी, कुठेही, पण त्याच कपाटात नको. वर्षातून एकदा फ्लॅक फाइलींची तपासणी चालवा. हे काम थंडीच्या दिवसांत बरं पडतं, ड्राइव्हही तापत नाहीत आणि पंख्याचा आवाज नसतो.

मूळ सीड्या कूलरच्या वाऱ्याच्या झोतात येणाऱ्या भिंतीला ठेवू नका. चार महिने ओलसर हवा आणि वाळ्याचा बारीक भुगा कव्हरच्या कागदावर बसला की पावसाळ्यात बुरशी धरतेच. आतल्या खोलीतलं बंद लोखंडी कपाट, सीड्या उभ्या, कडेला सिलिका जेलच्या पुड्या. ज्या सीडीचा एखादा ट्रॅक अडला असेल तिच्या कव्हरवर, तबकडीवर नव्हे, छोटी चिठ्ठी लावा: ट्रॅक क्रमांक, अहवालातली वेळ, कुठल्या ड्राइव्हवर प्रयत्न केला. कधी वेगळा ड्राइव्ह हाती आला तर सगळी सीडी पुन्हा काढायची गरज नाही, तेवढाच ट्रॅक घ्यायचा.